सर्व केंद्रे चालू आहेत

चंद्रपूरहून फोन आला तेव्हा मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होते. मिलिंदच्या ऑफिसातला सोबती बोलत होता. बोलत कसला, अडखळत होता. "बाई, सिस्टम चालू झाली," म्हणाला... मग म्हणाला, "भाऊ गेले." ह्याच क्रमानं. त्या बिचाऱ्याच्या तोंडाला जे आधी आलं ते तो बोलला, त्याचा राग धरण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तरी मी धरून आहे. माझा धाकटा भाऊ बसल्या खुर्चीत गेला, आणि मला आधी कळली ती सिस्टमची खुशाली.

मिलिंद जंगलातला माल विकत घेणाऱ्या एका कंपनीत होता. मोह, हिरडा, चारोळी. अहेरीपासून सिरोंच्यापर्यंत तिची खरेदी केंद्रं. वजन, साठा, लोकांचे पैसे, सगळं एकाच मोठ्या सॉफ्टवेअरवर चालायचं. ते जुनं झालं की सगळा कारभार उचलून नव्यावर न्यायचा, आणि नेताना सिस्टम थांबवावी लागते. हा थांबा होईल तितका लहान करायचा, हेच त्याचं काम. लोकांना ह्यात काय मोठं वाटणार? पण मागच्या वेळी सिस्टम बदलली तेव्हा आमच्या गावचं केंद्र कितीतरी दिवस बंद होतं. आमची आई मोहाची पोती घेऊन रोज जायची आणि रोज परत यायची. शेवटी घरातल्या घरात मोह काळा पडला. मिलिंद तेव्हा शिकत होता. आईला तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मी थांबू देत नाई." म्हातारी ते विसरली नाही. तो तर नाहीच नाही.

नोकरीच्या सुरुवातीला त्यानं एक घोळ घातला होता. सिस्टमची छोटीशी चाचणी होती, म्हणून त्यानं सगळ्या केंद्रांना मोबाइलवर निरोप धाडला: उद्या दुपारी बंद. झालं! आमच्या नक्षली भागात बंद म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला सांगावं लागेल, आमच्या माणसाला नाही. बंद आहे म्हटलं की शटर पडतात, गाड्या उभ्या राहतात, आणि कोणी पुकारला, काऊन पुकारला, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार ओस. भाजीवाल्या बायासुद्धा घरी. अहेरीत वाढलेला माणूस, आणि हा शब्द लिहून बसला! मी त्याला वर्षभर चिडवलं. त्यानं मात्र कानाला खडा लावला. पुढं घरातसुद्धा तो बंद म्हणायचा नाही. नळ थांबव, दार लाव, टीव्ही झोपव. प्रज्ञा, त्याची बायको, हसून हसून बेजार व्हायची. मग तिलाही तीच सवय लागली.

मी एकदा त्याला विचारलं, तू नेमकं करतो काय रे? तेव्हा मी घर बदलत होते. तो म्हणाला, चल दाखवतो. आधी माळ्यावरचं, ट्रंकेतलं, रोज हात न लागणारं सामान हळूहळू नव्या घरी नेलं. मी इकडे रांधत होते, राहत होते. रोज जे नवं साचेल तेवढंच मागाहून नेत गेला. शेवटच्या दिवशी उरली नुसती चूल, चार भांडी आणि आम्ही. सकाळचा भात जुन्या घरात, रात्रीचा नव्यात. "बाई, एवढंच असते," म्हणाला. "चूल शेवटी उचलाची, आन् उचलली का लगेच मांडाची."

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला हृदयाचं ऑपरेशन सांगितलं आणि पुढं सक्त आराम. ऑपरेशन कसं करतात ते तो खोदून खोदून विचारून आला आणि माझ्याकडे येऊन लहान लेकरासारखा खूश होऊन सांगत बसला. "तेही आमच्यासारखंच करतात बाई. हृदय थांबवतात, पन रगत बाजूच्या मशीनवर चालूच राह्यते."

"मंग जा ना रे बाबा. काऊन थांबून राह्यला?"

"मोहाचे दिवस आहेत, आन् सिस्टम बदलाची आहे. मी झोपलो तं हे लोक मागच्यासारखं करतीन. हे एक होऊ दे."

भांडले, रडले, आईची शपथ घातली. नाही ऐकलं. आणि झालंही त्याच्या मनासारखं. लोक केंद्रावर पोती उतरवून चहा पिऊन येईस्तोवर सिस्टम नव्या जागी सुरू झाली होती. एक पोतं परत गेलं नाही. तो मात्र खुर्चीतून उठला नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कंपनीचे साहेब आले होते. चांगलं बोलले. म्हणाले, मिलिंदनं सगळं इतकं तयार ठेवलं होतं की तो गेल्यावरही काम क्षणभर अडलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, अडायला हवं होतं! एक दिवस तरी अडायला हवं होतं त्याच्यासाठी.

गेल्या आठवड्यात गावी गेले. आई ओट्यावर पोत्यांपाशी बसली होती. आमच्या गावचं केंद्र कंपनीनं उठवलं. नव्या सिस्टमवर वरच्या लोकांना दिसलं म्हणे, की इथला माल थोडा, खर्च जास्त. दाराला कुलूप, वर खडूनं लिहिलेलं: बंद. आई म्हणाली, "मिलिंद तं थांबू देत नाई म्हणला होता." मी एका पोत्याचं सुटलेलं तोंड बांधत राहिले.

तिथून प्रज्ञाकडे गेले. बुद्धाच्या मूर्तीशेजारी मिलिंदचा फोन ठेवलेला असतो. सिस्टमनं रोज त्याला एक निरोप पाठवावा अशी सोय त्यानंच करून ठेवली होती, ती कोणी काढली नाही. मी बसले असतानाच फोन थरथरला. प्रज्ञानं वाचून दाखवलं. सर्व केंद्रे चालू आहेत. आमचं केंद्र सिस्टममधूनच काढून टाकलंय, म्हणून सर्व चालू...

"बाई," ती म्हणाली, "आता हा फोन बंद करू का?"

त्या घरात तो शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. कर म्हटलं. तिनं फोन हातात घेतला, पदरानं पुसला, आणि चार्जिंगला लावून परत होता तिथं ठेवला.