सर, तुम्ही बाहेर थांबा

भूकंपानंतर लातूरच्या शाळेत बाहेरगावची काही माणसं छापील प्रश्न घेऊन आली होती. रात्री भीती वाटते का, झोप लागते का, असले प्रश्न. जेबा तेव्हा पाचवीत होती. बाई बाकांमधून फिरत म्हणाल्या, "आपल्या शाळेची लेकरं काय भित्री हायत का?" झालं! साऱ्या वर्गानं ‘नाही’वर खूण केली. जेबानंही केली. त्या दिवसांत अब्बांचा हात धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नव्हता.

पुढं जेबा एम.एड.ला गेली. तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते, गावोगावची पोरं खोल्या करून राहत होती. ही मुलं एकमेकांशी कशी वागतात, अभ्यास कसा करतात, हे तिला मुलांच्याच उत्तरांतून समजून घ्यायचं होतं. गंजगोलाईत शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या अब्बांनी, जहांगीरभाईंनी, ओळखीतून एका क्लासच्या आदिनाथ सरांची परवानगी मिळवून दिली.

पहिल्या दिवशी जेबानं प्रश्नांचे कागद वाटले, तेव्हा सर वर्गात हाताची घडी घालून उभे राहिले. ‘मी मित्रमैत्रिणींना सहकार्य करतो’ – नेहमी. ‘अडलेलं सरांना विचारतो’ – नेहमी. एकजात सगळ्यांचं नेहमी. जेबानं घरी जाऊन तो गठ्ठाच बाजूला ठेवला. पोरं खोटं बोलली म्हणून तिला राग आला नाही. आपणच त्यांना खरं बोलायला जागा ठेवली नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, तुम्ही बाहेर थांबा."

"माझ्याच वर्गातून मलाच बाहेर काढता?" सर हसले, पण गेले.

मग तिनं मुलांना सांगितलं, नाव लिहायचं नाही, बरोबर-चूक असं काही नाही, कागद मी कुणालाही दाखवणार नाही. मुखेडकडची तारामती उभी राहिली. "मॅडम, सहकार्य म्हंजे डबा देणं का नोट्स देणं? डबा आमी वाटूनच खातो. नोट्स मातर कोन देत न्हाई."

वर्ग खो खो हसला. जेबा मात्र थक्क झाली. मोठमोठ्या पुस्तकांतून उचललेल्या तिच्या एका प्रश्नाचे या पोरीनं सहज दोन प्रश्न केले होते. ती तिथंच खाली बसली आणि तिनं मुलांकडून कागदावरचं एकेक वाक्य त्यांच्या बोलीत करून घेतलं. उत्तरं नंतर घ्यायची, असं ठरलं.

संध्याकाळी आदिनाथ सरांनी अडवलं. "भरून झाले की कागद मला दाखवा. कच्ची पोरं कोणती, ते अक्षरावरून ओळखीन मी."

"ते जमणार नाही, सर. मी त्यांना शब्द दिलाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

जेबा खाली मान घालून घरी आली. अब्बा म्हणाले, "बेटी, पोरं जेवायला तर कुठंतरी जात असतीलच की."

ती खानावळीत जाऊन बसू लागली. खानावळीच्या मावशींनी कोपरा दिला. क्लासची पोरं हात धुऊन यायची, खुणा करायची, कागद बंद डब्यात टाकायची. या वेळी उत्तरं नाना तऱ्हेची आली. डबा वाटणारे जवळजवळ सगळेच निघाले, नोट्स देणारे मोजकेच. आणि निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं होतं, हसतील म्हणून वर्गात शंका विचारत नाही.

कुणाचंही नाव नसलेला उत्तरांचा गोषवारा घेऊन ती आदिनाथ सरांकडे पुन्हा गेली. सरांनी उभ्याउभ्याच वाचला. "ही माझीच पोरं?"

"तुमचीच. कुणी काय लिहिलं, ते मलाही ठाऊक नाही."

सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या आठवड्यापासून क्लास सुटल्यावर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. ज्याला विचारायचं त्यानं एकटं यावं. पहिल्यांदा तारामती गेली, मग रांग लागू लागली.

आता जेबा नांदेडला बी.एड.च्या मुलांना शिकवते. किनवटकडच्या आश्रमशाळांत पाहणी असली की स्वतः जाते, आधी लेकरांशी खेळते, त्यांचे शब्द ऐकते, मगच प्रश्न काढते. मागच्या खेपेला एका पोरीनं दबकत विचारलं, "बाई, जसं हाय तसंच लिवू?"

"हाव गं, तसंच," जेबा म्हणाली, आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.