खाली जागा

गेल्या वर्षी आमच्या सासऱ्यांना बसायला जागा नव्हती, कारण आमच्याकडे गाडी नव्हती.

हे वाक्य मी पुष्कळ जणांना सांगून पाहिलं. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडे काळजीने बघतो, आणि शेवटी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन विचारतो, "वहिनींची तब्येत बरी हाय ना?" तब्येत बरी आहे. डोकं मात्र तेव्हा कुठे गहाण ठेवलं होतं, ते अजून सापडलेलं नाही.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, विद्यापीठाच्या अलीकडे, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) ती जागा घेतली तेव्हा आजूबाजूला नुसत्या बाभळी आणि कुत्री. मामा एसटीत ड्रायव्हर होते. उभी नोकरी झाली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे त्यांच्याकडे, आणि आलेल्या पाहुण्याला ते पाण्याच्या आधी बिल्ला दाखवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारासमोर लोखंडी बाज टाकली आणि दुसरी नोकरी धरली, बसायची. उमरीकडून पोराचा फॉर्म भरायला आलेला बाप, जुने कंडक्टर, पत्ता चुकलेला ऑटोवाला, सगळे त्या बाजेवर टेकायचे. सासूबाई गेल्यावर तर मामांचं घर म्हणजे ती बाजच होती. आत ते फक्त जेवायला आणि झोपायला यायचे.

मग विद्यापीठात पोरं वाढली, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी उंच उंच इमारती उठल्या आणि एक दिवस बिल्डर आमच्याही बाजेवर येऊन टेकला.

"विद्यार्थ्यांसाठी टॉवर काढू. नऊ मजले! एकट्याची खोली, बाथरूम आतच. तुम्हाला सातव्यावर मोठा फ्लॅट. लिफ्ट! टाइल्स! गॅलरीतून गोदावरी!"

गोदावरी म्हटल्यावर मी विरघळले. (आज गॅलरीतून समोरच्या टॉवरमधल्या पोरांचे टॉवेल दिसतात. गोदावरी त्यांच्या पलीकडे असावी.) मामांची एकच अट होती.

"मला खाली जागा पाहिजे."

"खाली जागा तर सोडावीच लागती, मामा," बिल्डर म्हणाला. "त्याबिगर नकाशा पास होत न्हाई. त्यातली एक तुमच्या नावावर!"

आता आमच्या नांदेडात 'खाली' म्हणजे खालची, आणि 'खाली' म्हणजे रिकामीसुद्धा. मामा मागत होते खालची. बिल्डर देत होता रिकामी, गाडी लावायची. दोघांनी खुशीत माना डोलावल्या. आणि मधे बसलेली मी, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेली बाई, 'झालं बाई सगळ्यांच्या मनासारखं!' म्हणत चहा टाकायला उठले.

टॉवर झाला. नकाशात पार्किंग जेमतेमच धरलं होतं. "विद्यार्थ्यांकडं गाड्या कुठून येणार?" हा बिल्डरचा बिनतोड सवाल होता. विद्यार्थी आले ते गाड्यांवर बसूनच आले! एका खोलीत एक पोरगा, त्याची एक मोटारसायकल आणि मित्राची एक. (मित्र गावाकडे, गाडी इथे.) रविवारी आईबाप डबे घेऊन जीपने यायचे. तळमजल्याचा आठवडी बाजार झाला. आणि त्या बाजारात, पिवळ्या पट्ट्यांच्या एका चौकोनात, मामांची बाज. मामा आपले पेपर वाचत बसलेले. पोरं येता-जाता 'बाबा, बाबा' करत टेकायची, कुणी नापास झाल्याचं आधी मामांना सांगायचं, मग घरी. खरं सांगते, ते दिवस बरे होते.

मग पहिल्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहायला आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नवी पांढरी गाडी.

"वहिनी, पार्किंगमध्ये वाहन लागतं. माणूस लागत न्हाई."

"जागा आमच्या नावावर हाय."

"हाव, पण खाली हाय ना! मिटिंगमध्ये ठरलंय, खाली जागा मोटारसायकलींना द्यायची. तुम्ही चारचाकी आणा, मग कोण काय म्हणतंय?"

"खाली कुठं हाय? मामा बसून राहिलेत की तिथं!"

"मामाला चाकं हायत का?"

इथे शहाण्या बाईने गप्प बसायचं असतं. मी दुसऱ्या दिवशी बाज ऑटोत घालून वेल्डिंगवाल्याकडे नेली.

"चारी पायांना चाकं बसव."

"पेशंट हाय का घरात?"

"न्हाई, पार्किंग हाय."

आमचे हे मितभाषी आहेत. त्यांनी चाकं लावलेली बाज पाहिली, "मंगल, मला हे काय बरं दिसून न्हाई राह्यलं," एवढंच बोलले आणि ऑफिसला गेले. मी कुठली ऐकते! चारचाकी मागितली, चारचाकी दिली! पोरांनी तर पुठ्ठ्यावर 'एमएच सव्वीस' लिहून पायथ्याला नंबर प्लेटही बांधली. चेअरमन बाजेभोवती फिरले, चारी चाकं मोजली आणि निघून गेले. मी जिंकले होते. ही जीत किती वेळ टिकली ते सांगते. चहा उकळेपर्यंत.

तळमजल्याची फरशी धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून उताराची केलेली असते. हे सगळ्या जगाला माहीत होतं, मला सोडून. त्या दिवशी मामांचे जुने कंडक्टर शेषराव आले होते. शेषराव म्हणजे भरलेलं पोतं. मी चहाचा ट्रे घेऊन लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा शेषराव टेकत होते. शेषराव टेकले. मामा टेकले. बाज निघाली.

आधी सावकाश, लग्नाच्या वरातीसारखी. मग वेगात! मामांचा उजवा पाय हवेत ब्रेक दाबत होता. शेषराव, इतक्या वर्षांची सवय, वर हात करून घंटीची दोरी शोधत होते. मी ट्रे धरून मागे धावत ओरडत होते, "थांबा! थांबा हो!" जणू मामा मुद्दाम निघाले होते! समोर मोटारसायकलींची रांग. पहिली पडली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि ती लाट धडाधड पार शेवटपर्यंत गेली. शेवटच्या मोटारसायकलीने चेअरमनच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर मान टेकली. कुठलासा हॉर्न अडकून रडत राहिला.

पोरं वरून धावत आली. "बाबा, लागलं का? शेषराव काका, लागलं का?" कुणाला काही लागलं नव्हतं. मामा बाजेवर तसेच बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मंगल, ब्रेक न्हाई बसवले?"

"न्हाई, मामा."

"ब्रेक न्हाई, आन गाडी रोडवर काढली!"

पोरांनी गाड्या उचलल्या आणि हसून सोडून दिलं. चेअरमननी सोडलं नाही, पण त्यांचं दार आम्ही नीट करून दिलं, तो विषय मिटला. मिटलं नाही ते वेगळंच. त्या संध्याकाळी मामांनी भिंतीवरचा बिल्ला काढला आणि कपाटात कपड्यांच्या खाली सारला.

"मामा, कामून काढला?"

"खोटा झाला ना तो आता," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, रिकामा मिक्सर चालू केला आणि त्या आवाजात रडून घेतलं. (ह्यांनी दोनदा विचारलं, "चटणी हाय का आज?")

मामा खाली जायचे बंद झाले, बाज भिंतीला उभी राहिली आणि चौकोनात मोटारसायकली लागल्या. "जागा तुमची, मी भांडते," म्हटलं तर "कशाला बेजार होतीस," एवढंच म्हणायचे. शेषराव एकदा वर आले, चपला दाराबाहेर काढून सोफ्याच्या काठावर बसले, टीव्हीकडे बघितलं आणि 'येतो' म्हणून गेले ते पुन्हा आले नाहीत. गावाकडची माणसं वॉचमनला नाव-गाव-काम सांगायच्या भानगडीत पडेनात. भाकरी अर्ध्यावर आली. मामा गॅलरीत उभे राहून समोरचे टॉवेल बघायचे. पुढे पुढे त्यांना टॉवेल ओळखू यायला लागले.

"निळा न्हाई आज. गावाकडं गेला आसल पोरगा."

हे ऐकलं त्या दिवशी मला टाइल्सची, लिफ्टची, सगळ्याची शिसारी आली. धडधाकट माणूस मी हौसेने उचलून सातव्या मजल्यावर वाळत घातला होता.

शेवटी हे उठले. मितभाषी माणसाने औशाला माझ्या बहिणीच्या मालकांना, म्हणजे दाजींना, फोन लावला. दाजींची जुनी गाडी विकायची होतीच. दाजी ती स्वतः लातूरमार्गे चालवत घेऊन आले, आमच्या चौकोनात भिंतीकडे तोंड करून लावली, वरणभात जेवले आणि एसटीने औशाला परत गेले. ते गेल्यावर दोन गोष्टी आमच्या लक्षात आल्या. एक, आम्हा दोघांनाही गाडी चालवता येत नाही. (हे स्कूटी चालवतात, मी तिच्यावर मागे बसते.) दुसरी, येते ती एकट्या मामांना, पण ते चालवणार नाहीत.

"मामा, खाली चला. जागा झाली!"

मामा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या सीटवर बसले.

"पुढं बसा की."

"ॲक्सिडेंट केलेल्या ड्रायव्हरला लगेच गाडी देत न्हाईत," मामा म्हणाले.

बातमी लागली तशी शेषराव आणि मंडळी परत यायला लागली. पण बाजेवर माणसं एकमेकांसमोर बसतात, गाडीत एकाच दिशेला! चार म्हातारे गाडीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत पाण्यापावसाचं बोलायचे, कुणाला कुणाचं तोंड दिसायचं नाही. एका नव्या पोरीने मला लिफ्टमध्ये हळू आवाजात विचारलं, "काकू, तुमच्याकडं कोण गेलं?"

तेवढ्यात चेअरमन आलेच. "वहिनी, गाडीचं बूड पट्टीच्या बाहेर हाय, वीतभर. उद्यापर्यंत सरळ करा, न्हाईतर जागा खाली धरू."

मी सरळ मामांकडे गेले. "मामा, तुम्हीच लावा."

"डोळे न्हाईत आता, मंगल."

"मी मागं उभी राहते ना! मी सांगते, तुम्ही घ्या."

मामा मागच्या सीटवरून उतरले आणि पुढचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. रुमालाने आरसा पुसला. स्टेरिंगला हात लावून तो कपाळाला लावला. एवढ्या महिन्यांत मामांची पाठ ताठ झालेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"गाडी मागं घिऊन लावायची आसती," ते म्हणाले. "डेपोत अशी तोंड भिंतीला करून कुणी लावत न्हाई."

त्यांनी गाडी बाहेर काढली. लोण्यासारखी! फिरवली. पोरं गोळा झाली, चेअरमन हाताची घडी घालून उभे. मामा मागे घ्यायला लागले आणि मी भिंतीजवळ उभी राहून सुरू झाले, "येऊ द्या! येऊ द्या! अजून येऊ द्या!" गाडी अगदी रेषेत येत होती. मला इतकं भरून आलं की भिंत जवळ आलेली दिसलीच नाही. दिसली तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी जिवाच्या आकांताने गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या. दोन. थप्, थप्!

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.

मामांनी बिनघोर गाडी दाबली. मागचा दिवा भिंतीवर फुटला.

मामा उतरले, मागे आले, काचा बघितल्या. माझी वर बघायची हिंमत नव्हती. आता हा माणूस सातव्या मजल्यावर जाणार आणि कधीच खाली उतरणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"डबल कुणी दिली?"

"मी, मामा."

"डबल म्हंजे काय?"

"...थांबा?"

मामांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते चेअरमनकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो ॲक्सिडेंट ड्रायव्हरचा न्हाई. कंडक्टरचा हाय."

"आन बाजेचा पण माझाच होता, मामा," मी घाईघाईने म्हटलं. "ब्रेक मीच न्हाई बसवले."

मामांनी विचार केला. "हाव," ते म्हणाले. "त्यो वर्कशॉपचा."

चेअरमननी वाकून पट्टी बघितली. गाडी पट्टीच्या आत होती. नुसती आत नाही, भिंतीला चिकटून होती! ते वर गेले.

तेव्हापासून गाडी तिथेच आहे. तोंड आता गेटकडे आहे. बॅटरी मेली आहे, मागचा दिवा फुटलेलाच आहे, मामांची नजर महिन्या-महिन्याला कमी होते आहे आणि ती गाडी पुन्हा हलेल असं मला वाटत नाही. दुपारी मामा स्टेरिंगवर बसतात, मी चहा घेऊन मागे बसते. पोरं कॉलेजातून येताना खिडकीत वाकून विचारतात, "बाबा, कुठं निघाली गाडी?"

मामा आरशातून माझ्याकडे एकदा बघतात आणि म्हणतात, "कुठंच न्हाई रे. कंडक्टर नवीन हाय."