कौसल्या कुणाच्या हद्दीत?

"तोंड बांधून घे," असं म्हणत त्या बाईंनी माझ्या मांडीवर स्कार्फ टाकला. गुलाबी, फुलाफुलांचा. नवा कोरा, घडीसुद्धा मोडलेली नाही. बाई महिलांसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा समितीच्या होत्या आणि नांदेडच्या त्या सभागृहात मला पहिल्या रांगेच्या टोकाला त्यांनीच आणून बसवलं होतं.

"कशाला?" मी विचारलं.

"फोटो निघतील ना. तुझ्याच अब्रूचा प्रश्न आहे."

माझ्या अब्रूचा. मला चोरवाटेनं परदेशी नेणाऱ्यांच्या अब्रूचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. त्यांची तोंडं बांधायची वेळच आली नव्हती, कारण त्यांच्यातला एकही पकडला गेला नव्हता.

व्यासपीठावर महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक अशा तीन राज्यांचे पोलीस अधिकारी बसले होते. गोरगरिबांना फसवून, चोरून देशाबाहेर नेणाऱ्या टोळ्या मोडायच्या आणि त्यासाठी एकमेकांना सहकार्य करायचं, यावर बैठक होती. त्यातल्या तिघांना मी चांगली ओळखत होते. लातूरचे साहेब, नांदेडचे साहेब, हैदराबादचे साहेब. त्यांनी मला ओळखलं नाही. पडद्यावर नकाशा होता. लातूरहून एक लाल बाण निघून हैदराबादला, तिथून दुबईला आणि तिथून ओमानला जात होता. तो बाण म्हणजे मी. एक साहेब सांगत होते, "अशा अडाणी, भोळ्या बायका आमिषाला बळी पडतात."

मी दहावी पास आहे. पत्र्याच्या शाळेत, उन्हाळ्यात भाजून निघत शिकले आहे.

माझं गाव किल्लारीजवळचं. भूकंपात आई, बाप आणि पाठचा भाऊ घराच्या दगडांखाली गेले. मला तेवढं ओढून काढलं. पुढे चुलतीनं सांभाळलं, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं पाहुण्यांची रीघ लागायची. एकदा कुणी मोठे पाहुणे आले आणि त्यांनी मला ब्लँकेट दिलं. फोटोवाला म्हणाला, नीट आला नाही, परत द्या. ब्लँकेट माझ्या हातातून काढून घेतलं, परत दिलं. मी हसत होते. नवं कोरं ब्लँकेट मिळालं म्हणून मला खरंच आनंद झाला होता. "हसू नको गं, रडकं तोंड कर," फोटोवाला म्हणाला. मला जमेना. तो खेकसला. मग मी रडले. फोटो छान आला, म्हणाले.

मोठी झाल्यावर चुलतीनं मला लातूरला सरांच्या घरी कामाला लावलं. सरांचा क्लास तेव्हा जोरात होता. डॉक्टर, इंजिनियर व्हायला गावोगावची पोरं येत होती. सरांच्या वरच्या मजल्यावर मुली राहायच्या, त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. माझ्या हातची भाकरी घरात सगळे खायचे. माझा चहाचा कप मात्र न्हाणीघराच्या खिडकीत. मॅडमना, म्हणजे सरांच्या बायकोला, त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मीही निमूटपणे खिडकीतून कप उचलायचे. आज ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "अगं, माझ्या चुलतभावाच्या ओळखीचा माणूस आहे हैदराबादला. दुबईत घरकामाला बायका पाहिजेत. तुझं कल्याण होईल. तुझ्या मागे तसं कुणी नाही ना?"

मला वाटलं, मायेनं विचारतायत. हैदराबादच्या दलालानंही पहिल्यांदा तेच विचारलं, तेव्हा ती माया कसली होती ते कळलं. घरकामासाठी तिशीच्या आतल्या बाईला सरकार तिकडे जाऊ देत नाही. मी तिशीच्या आतलीच. पण माझा जन्माचा दाखला भूकंपात गेलेला, शाळेतही तारीख अंदाजानं लिहिलेली. दलाल हसला. "भूकंपवाली है ना? फिर उमर का क्या, जो लिखे सो सही." माझी माणसं गेली, कागद गेले, म्हणून मी त्याला सोयीची होते.

कौसल्या मला त्या दलालाच्या खोलीतच भेटली. मुदखेडची. बाप जंक्शनवर शेंगा विकायचा. "लई भ्याव वाटून राह्यलं गं," असं म्हणत तिनं माझा हात धरला तो विमानात बसेपर्यंत सोडला नाही. पाहुण्यांचा व्हिसा काढून आम्हाला दुबईला उतरवलं आणि तिथून गाडीत घालून सीमेपार ओमानला नेलं. वाटेत माणसं बदलत गेली. मराठी बोलणारा, हिंदी बोलणारा, अरबी बोलणारा. एकानं दुसऱ्याच्या हातात दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. कुठं अडलं नाही.

तिथं आमची घरं शेजारी होती. पासपोर्ट मालकांनी ठेवून घेतले. पहाटेपासून काम, चुकलं की मार. त्या घरात मला नाव नव्हतं. टाळी वाजवायचे. गच्चीवर कपडे वाळत घालताना कौसल्या तिच्या गच्चीवरून हाक मारायची तेवढंच माझं नाव कानावर पडायचं. कधी ती वर आली नाही की वाटायचं, आपण आहोत की नाही?

कचरा टाकायला मला बाहेर सोडायचे. कौसल्याला तेवढंही नव्हतं. मी पळायचं ठरवलं तेव्हा ती गच्चीवरून म्हणाली, "तू जाय. माज्या दाराला भायेरून कुलूप ऱ्हातंय. पन तिकडं गेली की माजं नाव सांग. कौसल्या, मुदखेडची. इसरू नको माय."

मी कचरा टाकायला बाहेर पडले ती परत गेले नाही. आपल्या वकिलातीत पोचले आणि आधी तिचं नाव सांगितलं. ते म्हणाले, तिच्यासाठी भारतातून पोलिसांची तक्रार आली पाहिजे.

म्हणून वकिलातीनं मला परत पाठवल्या पाठवल्या लातूरच्या ठाण्यात गेले. साहेब लिहून घेत होते. मॅडमचं नाव आलं आणि हात थांबला. "त्यांनी चांगल्या मनानं पाठवलं तुला. त्यांचं नाव कशाला मध्ये?" साहेबांचा मुलगा सरांच्या क्लासला होता, हे मला नंतर कळलं. कौसल्याचं विचारलं तर म्हणाले, "ती मुदखेडची. नांदेडला जा." नांदेडचे साहेब म्हणाले, "दलाल हैदराबादचा. हे आमच्या हद्दीत नाही." हैदराबादला गेले, तिथले साहेब म्हणाले, "कंप्लेंट लातूर से आनी चाहिए." लातूरला परत येताना औशाच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले आणि बाकावर बसून ढसाढसा रडले. येणारे जाणारे बघत होते. कुणी काही विचारलं नाही. त्या गच्चीवरही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तर, सभागृहात. माईकवर आवाज आला, "आता एक पीडिता आपला अनुभव सांगेल. दोन मिनिटांत." नाव नाही, गाव नाही. समितीच्या बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, बांध.

स्कार्फ मला चांगला बांधता येतो. मॅडमची मुलगी स्कूटीवरून क्लासला जायची तेव्हा उन्हानं रंग काळवंडू नये म्हणून मीच तिला बांधून द्यायचे. मी घडी मोडली. तोंडाशी नेला. आणि ते ब्लँकेट आठवलं. तेव्हा यांना माझं तोंड पाहिजे होतं, रडकं. आता नको होतं. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही. मी स्कार्फ खुर्चीवर ठेवला आणि उघड्या तोंडानं माईकसमोर गेले.

मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मॅडमचं नाव घेतलं, आडनावासकट, सरांच्या क्लाससकट. मग वर व्यासपीठाकडे बघून म्हणाले, "लातूरचे साहेब, तुमी मला नांदेडला धाडलं. नांदेडचे साहेब, तुमी हैदराबादला धाडलं. हैदराबादच्या साहेबांनी परत लातूरला धाडलं. आज तुमी तिघंबी एका टेबलाला बसलाव. कौसल्या कुणाच्या हद्दीत येती, तेवढं सांगा. मी थांबते."

लातूरचे साहेब पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसले. हैदराबादच्या साहेबांनी शेजारच्याला विचारलं, "क्या बोल रही है?" नांदेडचे साहेब म्हणाले, "बाई, विषयाला धरून बोला." मी म्हणाले, "ह्योच विषय हाय साहेब." मग माईक बंद पडला. बिघडला, म्हणाले. पुढच्या वक्त्याला तो नीट चालला.

दाराशी बाईंनी मला गाठलं. "अगं, तुझ्यासारख्यांसाठीच चाललंय ना हे सगळं! चांगल्या घरातल्या बाईचं नाव असं चारचौघांत घेतात का?"

"त्यांनी मला धाडलं तवा, असं करतात का म्हनून त्यांना कुनी इचारलं होतं का?" मी म्हणाले. त्यांनी आत जाऊन खुर्चीवरचा स्कार्फ उचलून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुष्पगुच्छ, हसरे साहेब. मी कुठंच नव्हते. मॅडमनी कुणाकुणाला काय सांगितलं कोण जाणे, लातूरात मला काम मिळेनासं झालं. चुलती म्हणाली, "भावकीत तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस." तिनं बोलणं टाकलं. आता मी नांदेडमध्ये खोली घेऊन राहते, क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडताना आत कुणी नाही हे माहीत असतं, तरी हात क्षणभर थांबतो. एकटं वाटतं. फार वाटतं. मग कौसल्याचं कुलूप आठवतं. ते तिला आतून उघडता येत नाही.

उद्या मेसला सुटी आहे. मी सकाळच्या गाडीनं लातूरला जाणार, ठाण्यात साहेबांच्या समोरच्या बाकावर बसणार. ते म्हणतील, नांदेडला जा. मी उठणार नाही. ऊन असो, फोटो असो, तोंड उघडंच राहील. आधी मॅडमचं नाव लिहा म्हणेन, मग कौसल्याचं, मुदखेडची. ती दोन नावं माझ्यासमोर कागदावर लिहिली जात नाहीत तोवर तो बाक मी सोडणार नाही.