बाईंचा हात लागला म्हणून

सिंदेवाहीतल्या त्या घरात हा किस्सा कितीतरी वेळा सांगून झाला आहे. सगळे हसतात. मीही हसतो. पण त्यातला माझा वाटा आजवर कुणाच्याच कानावर गेलेला नाही. अब्बांना सांगितला नाही, आणि ते आता नाहीत. शाहीनलाही सांगितला नाही — माझी बायको एरवी माझ्या पोटातलं काहीही काढून घेते, हे मात्र तिच्याही हाती लागलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्या घरातले नाही, म्हणूनच असेल. तिथे बसून बोलायचं धाडस अजून झालेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

तसा मी सुखात आहे हो. दुकान चालतंय, मुलं शिकतायत, रात्री पाठ टेकली की घोरायला लागतो. अपराधी माणसाला झोप येत नाही असं म्हणतात ना? मला येते. हेही मला जरा खटकतं, पण येते.

दुकान मूळचं अब्बांचं, बसस्टँडजवळ. ते रेडिओ दुरुस्त करायचे. मी चंद्रपूरला जाऊन हार्डवेअरचा कोर्स करून आलो आणि त्यांच्या पाटीखाली आपली नवीकोरी पाटी टांगली — कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर. तेव्हा अख्ख्या गावात कॉम्प्युटर किती, आणि त्यातले बिघडणार किती? मी दिवसभर खुर्चीवर बसून रस्त्यावरच्या म्हशी बघायचो. पण रुबाब असा, की जणू नागपूरहून माझ्यासाठी बोलावणी येतायत.

अशात भाऊंनी बोलावलं. भाऊ धानाचे शेतकरी, गावाच्या टोकाला घर, घराला लागूनच राईस मिल. घरात ते आणि बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोघंच. वर्षा ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर नवऱ्यासोबत अमेरिकेला गेलेली. आईवडिलांना आपण दिसावं म्हणून ती जाताना लॅपटॉप ठेवून गेली होती, फोनच्या तारेवर इंटरनेटही घेऊन दिलं होतं. भाऊ त्या यंत्राला बिचकायचे. चालवायच्या त्या बाई. शाळा जेमतेम झालेली, पण झाकण उघडायचं कसं, चालू कसं करायचं, वर्षाचा कॉल आला की हिरव्या चिन्हावर बाण नेऊन टिचकी कशी मारायची — सगळं त्यांनी पाठ केलं होतं. शेजारणी बघायला यायच्या. बाई कपाळावरचा पदर सारखा करत म्हणायच्या, "मले येते."

हे दोन शब्द लक्षात ठेवा. मला विसरता आलेले नाहीत.

तर तो लॅपटॉप अडकायचा. मधेच, कधीही. वर्षा बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबायची, बाण हलायचा नाही, बटण लांब दाबून बंद केल्याशिवाय इलाज नाही. कधी कॉल लागल्याबरोबर, कधी तासाभराने, कधी चार-चार दिवस काही नाही. मी तो दुकानात आणला की शहाण्यासारखा चालायचा. मग मी काय काय केलं! व्हायरस शोधला. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. रॅम काढून तिच्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने घासल्या — आमच्या धंद्यातला हा रामबाण, निम्मे आजार त्याने जातात. परत नेऊन दिला, आणि आठवड्यात पुन्हा फोन. अडकला.

आमच्या धंद्यातली आणखी एक खोड सांगतो. दोष सापडला नाही की आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो — तुम्ही काय दाबलं होतं? याचा काही अर्थ नसतो. डॉक्टर 'जीभ दाखवा' म्हणतो तसं, तोवर विचार करायला वेळ मिळतो. मीही बाईंना विचारलं. त्या दचकल्या. म्हणाल्या, "थे लंबंवालं बटन दाबलं होतं बाबा. त्यानं झालं काय?" मी 'हं' म्हणालो. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. नुसतं हं.

आता जेवणाचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझी अम्मी मी लहान असतानाच गेली. घरात अब्बा आणि मी. जो लवकर येईल त्याने भात टाकायचा, दुसऱ्याने डाळ. वाढणारं कुणी नव्हतं. आणि इथे मी लॅपटॉप उघडून बसलो की आतून तळणाचा वास यायचा. लाखोळीच्या डाळीचे वडे, भात, वरून कच्चं तेल, जवसाची चटणी. नाही म्हणायची सोय नव्हती. "जेवल्याबिगर जाऊ नोको," एवढंच म्हणायच्या आणि ताट पुढे. मी जेवत असताना समोर बसून राहायच्या. तू काल काय खाल्लं, अब्बाचा खोकला कसा आहे, इतका वाळला काऊन — माझी अशी चौकशी कुणी केली नव्हती. भाऊ पान लावता लावता धानाच्या, पाटाच्या पाण्याच्या गोष्टी सांगायचे. लॅपटॉप बिघडला की मी त्यांच्याकडे. बिघडला नाही की? मग मी कशाला जाणार? असंच जाऊन बसायचं, हे मला तेव्हा सुचायचंही नाही. कामाशिवाय कुणाच्या दारात कसं जायचं?

एक दिवस दोष सापडला. अगदी सहज. लॅपटॉप चालू होता, मी वडा खात होतो, आणि सरळ करायला म्हणून तो उचलला तर खालून तव्यासारखा तापलेला. बाई तो नेहमी गोधडीवर ठेवायच्या. लेकीने दिलेली वस्तू, फरशीवर कशी ठेवायची? मऊ गोधडीची चौपदरी घडी घालून त्यावर. खालची हवा जायची वाट बंद. दुकानात आणून पाठ उघडली तर आतल्या पंख्यावर मिलचा कोंडा असा थापून बसलेला, की बोटाने त्याची पापडी निघाली. माझ्या टेबलावर उघडी हवा, म्हणून तिथे चालायचा. त्यांच्याकडे बिचारा गुदमरून बंद पडायचा. एवढंच. ब्रशने झाडायचं, खाली एखादी फळी द्यायची, आणि सांगायचं — बाई, गोधडीवर ठेवू नका.

मला आनंद झाला हो, पहिल्यांदा. किती दिवसांचं कोडं सुटलं होतं. आणि मग... मी ब्रश हातात घेऊन बसलो होतो, आणि मनात आलं, आता हा पुन्हा बिघडणार नाही.

मी वरवर फुंकर मारली. कोंडा बराचसा तसाच ठेवला. स्क्रू लावले. परत नेऊन दिला, त्याच गोधडीवर ठेवला. पंधरवडाभराने फोन येईल असा अंदाज होता, आणि तसाच आला.

असं किती महिने चाललं, ते मोजायला मला आवडत नाही. मी जायचो, थोडा झाडायचो, जेवायचो. यात कुणाचं काय गेलं — असं मी स्वतःला म्हणायचो. पण जात होतं ना. बाई दर वेळी आठवून आठवून सांगायच्या, आज मी हे दाबलं, आज ते दाबलं. माझा तो एक प्रश्न त्यांनी मनाला लावून घेतला होता. एकदा भाऊंनी सरळच विचारलं, "काऊन रे रफीक, घडीघडी काऊन बंद पडते हे?" मी गडबडलो. खरं तोंडावर आलं होतं. आणि मी म्हणालो, "काईतरी चुकीचं दाबल्या जाते, भाऊ." बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशीही वड्यांचं ताट आलं.

मग वर्षाला मुलगी झाली. बारसं तिकडे, संध्याकाळी. म्हणजे आपल्याकडे सकाळ. ते लॅपटॉपवर बघायचं ठरलं. मी मनाशी पक्कं केलं होतं, आदल्या दिवशी जाऊन पूर्ण साफ करायचा. कसं सांगू — त्या दिवशी शेजारच्या मूल गावाहून एका ऑफिसचं काम आलं, पहिलंच मोठं काम, आणि मी तिकडे गेलो. सकाळी भाऊंकडे पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बाई नवी साडी नेसून पुढ्यात बसलेल्या. आणि लॅपटॉपखाली त्या दिवशी खास नवी गोधडी होती. जुनीपेक्षा जाड.

ती मी बघितली. तेव्हाही वेळ गेली नव्हती. नुसतं म्हणायचं होतं, जरा उचला, खाली पाट द्या. पण मग भाऊंनी विचारलं असतं की हे आधी का नाही सांगितलं. माणसांनी भरलेल्या घरात विचारलं असतं. मी गप्प बसलो.

कॉल लागला. सगळ्यांना बाळ बघायचं होतं, एकेक जण पुढे येऊन वर्षाशी बोलत होता. वेळ चालला होता. मी लॅपटॉपच्या बाजूला हात लावून बघितला, चटका बसला. तिकडे बाळाला पाळण्यात घातलं. अमेरिकेत आत्या कुठून आणायची, म्हणून वर्षाच्या मैत्रिणीलाच आत्या केलं होतं. ती कुर्रर्र करायला बाळाच्या कानाशी वाकली. बाईंना राहवेना. दृष्ट काढायला त्या पुढे झाल्या, बाळाच्या गालांवरून हात फिरवायला दोन्ही हात पडद्याला लावले —

आणि चित्र थांबलं. मैत्रीण वाकलेली, बाळ डोळे मिटून, आवाज बंद. नाव ऐकू आलंच नाही.

"बाईनं हात लावला!" मागून कुणीतरी ओरडलं. बाईंचे हात तसेच वर राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. भाऊंनीही बघितलं. म्हणाले, "हातानं झालं का रे?"

मी म्हणालो, "होते कधीकधी असं, भाऊ."

हे ते वाक्य. बाकी सगळं मी त्याच्याभोवती फिरत फिरत सांगितलं, पण सांगायचं हेच होतं. बाईंनी हात खाली घेतले आणि पदरात गुंडाळले. बाळाचं नाव ओवी ठेवल्याचं नंतर फोनवर कळलं. तेव्हा पेढे वाटले, सगळ्यांना आनंद झाला, बाईंनाही. फक्त लॅपटॉपजवळून त्या उठून मागे जाऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तो उचलून आणला. पंख्यावरच्या कोंड्याचा कण न् कण काढला. परत नेताना सोबत एक लाकडी पाट नेला. म्हटलं, भाऊ, यावर शोभून दिसते. कारण सांगितलं नाही. तो लॅपटॉप मग कधीच अडकला नाही. वर्षानुवर्षं चालला. आणि बाईंनी त्याला पुन्हा कधी हात लावला नाही.

आता तुम्हीच बघा काय झालं ते. बाईंनी हात लावणं सोडलं, आणि यंत्र सुधारलं. घरातल्या माणसांना आणखी काय पुरावा हवा होता? माझ्या दुरुस्तीनेच त्यांचा गुन्हा पक्का केला. भाऊंनी हळूहळू हिरव्या चिन्हावर टिचकी मारायला शिकून घेतलं. बाई हातभर लांब बसून नातीशी बोलायच्या, हात पदराखाली. पुढे घरात मोबाईल आला. तो वाजला की त्या भाऊंना हाक मारतात. भाऊ शेतात असले तर वाजू देतात.

त्या दुःखी आहेत असं समजू नका. तसं असतं तर कदाचित मी केव्हाच बोलून टाकलं असतं. हा किस्सा सगळ्यात रंगवून सांगतात त्या बाईच. माह्या हातात काय करंट आहे कोनास ठाऊक, नातीचं बारसंच बंद पाडलं — असं म्हणून स्वतः आधी हसतात. आणि मी आता कामाशिवाय जातो. ते घर माझंच झालं आहे. माझ्या मुलांना भाऊंनी पोहायला शिकवलं. ज्यासाठी मी खोटं बोललो, ते सगळं मला भरभरून मिळालं, आणि मी ते आनंदाने भोगतो आहे.

या दिवाळीत वर्षा आली होती. ओवी आता चांगली उंच झाली आहे, मराठी अडखळत बोलते. अंगणात सगळे बसलो होतो, वड्यांचं ताट मधोमध. ओवीला आजीने काढलेला फोटो हवा होता. तिने आपला फोन बाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, इथे बोट लावायचं आजी, एवढंच. बाईंनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले.

"माह्या हातानं नोको ओ माय," त्या हसत म्हणाल्या. "रफीकले दे. त्याले येते."

मी हात पुसले, फोन घेतला आणि फोटो काढला. चांगला आला आहे. सगळे हसतायत. बाईंचे हात पदराखाली आहेत.