चुलत्याच्या हरभऱ्यात आमचा कांदा

जमीन जागची हलत नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. मग ई-पीक पाहणी आली आणि आमचा अख्खा गट, म्हणजे सातबाऱ्यावरचं आमचं रान, बांध ओलांडून शेजारी गेला.

पाहणी म्हणजे आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो मोबाईलवरनं सरकारला पाठवायचा. मग सातबाऱ्यावर पीक चढतं. मागं कांद्याचं अनुदान आलं तेव्हा आमच्या सातबाऱ्यावर कांदाच नव्हता. कोल्हारपासून देवळालीपर्यंत सगळ्यांना पैसे मिळाले, आम्हाला नाही. तेव्हापासून वडिलांनी ओट्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की फरशीला चाकोरी पडली. यंदा पाहणीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि कांदा काढायला बाया दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. आज फोटो निघाला नाही तर अनुदान पुन्हा गेलंच.

कांद्यात उभं राहून मी ॲप उघडलं. ‘तुम्ही गटाच्या बाहेर आहात.’

“बाहेर?” वडील ओरडले. “आरं, पायाखाली आपला कांदा मोडतोय!”

मी पुढं सरकलो, मागं सरकलो, आडवा चाललो. माझ्यामागं वडील, वडिलांमागं कुत्रं. तासाभरात आम्ही शिर्डीला पोचलो असतो, इतकं त्या एका रानात चाललो. शेवटी बांध ओलांडून चुलत्याच्या हरभऱ्यात पाय टाकला, तेव्हा कुठं मोबाईलचं समाधान झालं. सरकारच्या नकाशात आमचं रान तिथं होतं.

“मग कांदाच तिथं न्यू,” वडील म्हणाले. “कांदा आपला हाय, रान आपलं हाय. खोटं बोलतोय तो मोबाईल.”

घमेलंभर कांदा मातीसकट उचलून आम्ही हरभऱ्यातल्या ओल्या पाटाच्या कडेला लावला. इतका बेमालूम, की आपण बांध ओलांडल्याचं कांद्यालाही कळलं नाही. चुलत्याला मात्र कळलं.

चुलता म्हणजे वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ. बांधावरून दोघांचा अबोला. हाताच्या अंतरावर उभे असले तरी निरोप माझ्याकरवी.

“तुझ्या बापाला सांग,” चुलता म्हणाला, “बांध कोरून भागलं न्हाई म्हनून आता लागवड करतो का?”

“त्याला सांग, फोटो काढू दे. लगीच उपटतो.”

“न्हाई जमायचं म्हनाव.”

वडील त्या पाटाकाठी पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरायला लागले. मी चुलत्याला गोड आवाजात विचारलं, “नाना, तुमची पाहणी झाली का?”

“करीन की. माझं रान माझ्या पायाखाली हाय.”

मी त्यांचा गट उघडून मोबाईल पुढं धरला. त्यांचा हरभरा पलीकडच्याच्या गव्हात निघाला. सगळं शिवारच एकेक रान सरकलं होतं. शेवटचा शेतकरी डोक्यावर पेंढी घेऊन प्रवरा नदीत गळ्यापर्यंत उभा असणार, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

गहूवाल्याशी चुलत्याचं भांडण आमच्यापेक्षा जुनं. आता चुलताही येरझाऱ्या घालू लागला. दोघं भाऊ पाटाच्या दोन काठांनी, उलट दिशांना.

“तुझ्या बापाला सांग,” शेवटी तो थांबला, “काढ म्हनाव फोटो. पन नंतर माझा हरभरा घेऊन माझ्यासंगं गव्हात यायचं. दोघं दिसलो तर तो कुत्रं सोडायचा न्हाई.”

मी फोटो काढला. गोल चक्र फिरत राहिलं. वडिलांनी श्वास धरला तो बहुतेक अजून पुरता सोडलेला नाही. मग आलं, ‘माहिती जतन झाली’.

वडील कांदा उपटायला वाकले.

“तुझ्या बापाला सांग, हात लावायचा न्हाई. माझ्या रानात लावला, तो माझा.”

वडील मला विसरले. सरळ भावावर डाफरले, “तुझ्या बापाचा हाय का?”

“हाय की! तुझाबी तोच हाय!”

वडिलांनी हातातला कांदा पुन्हा मातीत खोचला, भावाचा हरभरा मुळासकट उपटून त्याची पेंढी खांद्यावर टाकली आणि तरातरा गव्हाकडं निघाले. चुलता मागं. बांध कुणी कोरला यावरून दोघं शिवार दणाणून सोडत होते, पण थेट एकमेकांशी. मी मोबाईल घेऊन मागं पळत होतो. निरोप सांगायला मला कुणी विचारत नव्हतं.