अंबूताईंचा फोन आणि दीपश्रीचं नेट

केशवापूरच्या त्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, वार ठरलेला, पण नेमकं किती वाजता येणार हे व्हॉल्व्ह सोडणाऱ्या शंकरशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी माणसं ताटावर बसलेली असताना. म्हणून शंकरने व्हॉल्व्हची किल्ली फिरवली की पहिला फोन अंबूताईंना जायचा. "अक्कार, नीर बिट्टेन्री," एवढंच तो म्हणायचा. पाणी सोडलं, अक्का. मग अंबूताई पदर खोचून गल्लीतल्या घराघराला फोन लावत सुटायच्या. कानडी घराला कानडीत, मराठी घराला मराठीत, आणि कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांना दोन्हींत, कारण ते मूळचे कुठले याचा पत्ता कुणालाच लागला नव्हता.

हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. एकदा शंकर उन्हातून येऊन त्यांच्या कट्ट्यावर टेकला, त्यांनी त्याला चहा आणि बशीभर पोहे दिले, तेव्हापासून पाण्याच्या दिवशी तो तिथे टेकूनच पुढे जायचा. नंबरही तेव्हाच घेतला. नवरा रेल्वेत होता तोवर अंबूताई 'रेल्वेवाल्यांच्या घरातली' होत्या. तो गेल्यावर त्या पाण्याच्या अंबूअक्का झाल्या, आणि मनातून त्यांना हे दुसरं नाव जास्त आवडायचं.

पाणी आलं हे सांगायला शब्द लागतात दोन. अंबूताईंना तेवढ्यात कधीच भागलं नाही. पाणी सांगून झालं की गुडघा कसा आहे, मुलीचं स्थळ कुठवर आलं, धाकट्याचा ताप उतरला का, असं सगळं यायचं. शेवटच्या घरातल्या रूपालीला बातमी कळेपर्यंत पाणी अर्धंअधिक संपत आलेलं असायचं. ती धुसफुसायची, पण अंबूअक्कांना तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यांची सून दीपश्री गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात हिशेब बघायची. तो कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. नवरा प्रभंजन रोज सकाळी बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जायचा, त्याच्या एकट्याच्या पगारात घर रडतखडत चालायचं. पुष्कळ दिवस अर्ज पाठवल्यावर बेंगळूरच्या एका कंपनीने दीपश्रीला घरबसल्या काम दिलं, तेही चाचणीवर. काम पसंत पडलं तर पुढे कायम करू, असं सांगून.

काम घरबसल्या, पण घरात नेट कुठलं? केबलवाला 'पुढच्या आठवड्यात वायर ओढतो' म्हणून सांगून गेला होता, आणि त्याचे आठवडे संपता संपत नव्हते. शेजारी तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून दीपश्रीच्या फोनला घरात रेंजच नव्हती. रेंज पकडायचा तो फक्त अंबूताईंचा जुना फोन, तोही स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला तर. दीपश्रीने त्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला आणि काम सुरू झालं.

"म्हणजे माझ्या टाकीतनं तुझ्या बादलीला पाइप लावलास म्हण की," अंबूताई म्हणाल्या.

"तसंच की, आई. फक्त फोन आला की पाइप निघतो."

ते खरं होतं. फोन जुना असल्यामुळे त्याला एका वेळी एकच काम झेपायचं. अंबूताईंनी 'हॅलो' म्हटलं की लॅपटॉपवरची माणसं तोंड उघडं ठेवून थिजायची. रोजच्या कामात ते चालून जायचं. चार मिनिटं दीपश्री हात चोळत बसायची आणि सासू फोन ठेवायची वाट बघायची.

एकदा मात्र पंचाईत झाली. बेंगळूरच्या मॅनेजरबाई लॅपटॉपवर दीपश्रीला काही समजावून सांगत होत्या आणि तेवढ्यात शंकरचा फोन आला. अंबूताईंनी सवयीने उचलला, सवयीनेच फोन घेऊन त्या बाहेर कट्ट्यावर गेल्या आणि गल्लीतलं एकेक घर घेत बसल्या. रूपालीला पाणी सांगून त्या आत आल्या तेव्हा दीपश्री बंद लॅपटॉपसमोर बसलेली होती. सासूचा फोन परत खिडकीत आला तसा त्याच्या नेटवरून तिच्या फोनवर मेसेज आला: पुढच्या आठवड्यात मोठे साहेब बोलतील, कायम करायचं की नाही ते तेव्हाच ठरेल, पण नेट पुन्हा असं गेलं तर आमचा नाइलाज आहे.

दीपश्री सासूला एका शब्दाने बोलली नाही. दुपारी जेवली नाही, तेवढंच. प्रभंजनने संध्याकाळी आईला मेसेज वाचून दाखवला आणि फोन दीपश्रीला परत दिला. दोघांपैकी कुणीतरी ओरडलं असतं तर अंबूताईंना बरं वाटलं असतं.

मोठ्या साहेबांनी दिलेला दिवस नेमका पाण्याचा निघाला. अंबूताईंनी कुणाला न विचारता शंकरला फोन लावला.

"या खेपेला मला करू नको बघ. रूपालीला कर, ती सगळ्यांना सांगेल. एक दिवसच."

"आगलिरी, अक्कार," शंकर म्हणाला. बरं म्हणाला आणि नंबर लिहून घेतला.

बेळगावच्या बहिणीलाही त्यांनी बजावलं की उद्या मेली तरी फोन करू नकोस. दुसऱ्या दिवशी दीपश्री इस्त्रीची साडी नेसून टेबलापाशी बसली आणि अंबूताई स्वयंपाकघरात खिडकीतल्या फोनजवळ स्टूल घेऊन बसल्या. शिट्टी नको म्हणून कुकर लावला नाही. साहेब बोलायला लागले. थोड्या वेळाने गल्लीत बादल्यांचा खणखणाट सुरू झाला. पाणी आलं होतं. अंबूताईंना ते शेजारच्यांच्या बादल्यांवरून कळलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. टाकी भरायची तर मोटर लावायला हवी, आणि मोटर लावली की घरात घरघर होणार. त्या उठल्या नाहीत. समोरून पाणी गेलं तरी उठल्या नाहीत.

दीपश्री कायम झाली. तिने येऊन सासूला वाकून नमस्कार केला आणि रडली. तो आठवडा घरात पाण्याची मारामार होती, रूपाली दोन घागरी आणून देऊन गेली, पण सगळे खुशीत होते. अंबूताई सगळ्यांत जास्त.

पुढच्या पाण्याला शंकरचा फोन आला नाही. त्यात शंकरचंही काही चुकलं नाही. तो फोनात जे नाव वर दिसेल ते दाबणारा माणूस, आणि वर आता रूपालीचं नाव होतं. रूपालीला घरोघर फोन करत बसायला सवड कुठली? तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि 'पाणी आलं' एवढं टाकून मोकळी झाली. सगळ्या गल्लीला एकदम कळलं. लोकांची सोय झाली, हे अंबूताईंनाही कबूल करावं लागलं. शंकर चहाला आता रूपालीकडे टेकू लागला, कारण फोन जिथे तिथे चहा हे गणित अंबूताईंनीच त्याला घालून दिलं होतं. मी एक दिवसच म्हटलं होतं रे, अशी त्याला आठवण करून द्यायला त्यांची जीभ वळली नाही. वाईट मात्र वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

केबलवाल्याची वायर एकदाची आली. दीपश्रीने पहिल्या मोठ्या पगारातून सासूला नवा फोन घेऊन दिला. "आई, आता माझं काही तुमच्या फोनावर नाही. किती पण बोला की मोकळेपणानं."

"होय गं बाई," अंबूताई म्हणाल्या.

त्या नवा फोन घेऊन कट्ट्यावर बसल्या. बँकवाल्यांचं नाव त्यावर काढलं आणि फोन तसाच ठेवून दिला. इतकी वर्षं त्या सगळ्या गल्लीशी बोलत आल्या होत्या, पण आधी पाणी सांगायचं आणि मग गुडघ्याचं विचारायचं अशी रीत होती. नुसता गुडघा विचारायला फोन कसा करायचा, ते त्यांना सुचेना.

पाण्याच्या दिवशी त्यांनी रूपालीला फोन लावला.

"रूपाली, आज पाणी आलं का गं?"

"आलंय की अक्का, कवाच. ग्रुपवर टाकलंय की मी. बघितला नाही होय?"

"नाही बाई, मला कुठलं बघायला जमतंय ते," अंबूताई म्हणाल्या. त्यांची टाकी तासाभरापूर्वीच भरून झाली होती. "बरं, तुझ्या सासऱ्यांचा खोकला कसा आहे आता?"