फ्लेक्सवरच्या दोन ओळी

“इंग्लिशच टाक रे. आत्या इंग्लिशची मॅडम होती, जरा शोभलं पाहिजे ना!” माझा चुलतभाऊ सागर फोनवर बॅनरवाल्याला सांगत होता. आत्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मोबाईलवर शोधून त्याने एका रोमँटिक इंग्रज कवीच्या दोन गाजलेल्या ओळी उचलल्या होत्या. मरण कसं हवंहवंसं वाटतं, अशा अर्थाच्या. मी दारात उभी राहून ऐकत होते. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या ओळी मला आत्यानेच शिकवलेल्या. ती निफाडच्या शाळेत शिकवायची, मी नाशिकच्या इंग्लिश मीडियममध्ये. तरी कविता कळायची ती सुट्टीत, तिच्याजवळ बसूनच. या ओळी आल्या की ती चिडायची. “विशीतलं पोरगं हे, याला काय कळतंय मरणातलं? पुढचं वाच गं. बघ कसा घाबरून मागे फिरतो…” आणि खो खो हसायची.

तिने लग्न केलं नाही. धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या काकांकडे राहायची. दिवाळीनंतर डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. काका म्हणाले, “द्राक्षबाग एकदा खाली होऊ दे अक्का, माल निघाला की बघू.”

“मला आत्ताच करायचंय, बाळू,” ती म्हणाली. माझ्यादेखत. पैसे तिचे होते, पण सही करायला घरचं माणूस हवं होतं, आणि ज्यांच्या घरी राहायची त्या काकांना डावलून ती काही करत नसे. माझ्या बाबांनी नाशिकहून काकांना फोन केला, तर “तुम्हा शहरवाल्यांना सगळ्याचीच घाई” असं ऐकून घ्यावं लागलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा बाग… बाग खाली व्हायच्या आत आत्या गेली.

दशक्रियेला गोदाकाठी मांडव, माईक, आणि मागे फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली त्या दोन ओळी. एक पुढारी म्हणाले, “मॅडमनी हसत हसत मृत्यू स्वीकारला. त्यांची काही तक्रारच नव्हती!” काकांनी मान हलवत डोळे पुसले. ती मान हललेली पाहिली आणि मला राहवेना.

“अजून कुणाला बोलायचंय?” माईकवरून कुणीतरी विचारलं.

मी उठले. “तू? बस गं खाली,” सागर पुटपुटला. मी पुढे जाऊन माईक हातात घेतला.

“आत्याला मरायचं नव्हतं. तिला ऑपरेशन हवं होतं, काका. तिने तुमच्याकडे मागितलं होतं.”